अर्ध्या पाण्यातले कीर्तन

मी एक जुने शीड आहे. होडीच्या डोलकाठीवर चढून जे कापड वारा धरते, ते शीड. आता तुम्ही म्हणाल, नागपूरजवळच्या कोराडीत शिडाचे काय काम? इथे खाडी नाही, भरती नाही, माशांचा वास नाही. इथे औष्णिक वीज केंद्राची धुरांडी आहेत आणि कोळशाचे ट्रक आहेत. तुमचे बरोबर आहे, मित्रांनो. पण मी आहे खरे. कॉलनीतल्या छोट्या राममंदिराच्या अंगणात चार बांबूंवर मला बांधले आहे. माझ्या सावलीत बसून तुम्ही खेळता, भांडता आणि माझ्या काठाच्या भोकांतून बोटे घालता. ती भोके दोर ओवायची आहेत. पूर्वी त्यांतून वारा मला ओढून नेत असे.

मी आता थकले आहे. राखेने जड झाले आहे. दुपारच्या झळांनी माझे सूत सुकून कडक झाले आहे. तरी माझी गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, कारण माझ्याबद्दल मंदिरात एक बोलणे चालले आहे. ते काय, ते शेवटी सांगेन.

माझा जन्म कोकणातल्या एका खाडीकाठी झाला. धाकू नाखवा आणि त्याची बायको गोपिका यांनी मला शिवले. जाड सुती कापडाचे पट्टे अंगणात पसरून गोपिका एका टोकाने टाके घालत येई आणि धाकू दुसऱ्या टोकाने. मधोमध दोघांची गाठ पडली की ती म्हणे, "तुझे टाके बघ, बेडकाने उड्या मारल्यासारखे." मग झाडाच्या सालीच्या काढ्यात त्यांनी मला बुडवले. त्याने माझा रंग चहासारखा झाला आणि खाऱ्या पाण्याशी झुंजायचे बळ आले.

पहिली वर्षे मी कष्टाची काढली. आमच्या होडीत कौले असत, नारळ असत, कधी लग्नाचे अख्खे वऱ्हाड असे. वारा भरला की मी पोट फुगवून उभी होडी ओढत नेई आणि काठावरचे लोक हात हलवीत. मग खाडीत यंत्राच्या होड्या आल्या. मला गुंडाळून माळ्यावर टाकले. तिथे उंदरांनी माझा एक कोपरा खाल्ला. पुढे शहरांतली माणसे सुट्टीत खाडी बघायला येऊ लागली. त्यांना यंत्राची घरघर नको होती. धाकूने मला खाली उतरवले, गोपिकेने कोपऱ्याला ठिगळ लावले, आणि मी पुन्हा वाऱ्याला लागले. पण खरे सांगू का, तेव्हाच माझे अंग दुखू लागले होते. वारा जरा जोराचा आला की शिवण कुरकुरे.

अशाच एका हिवाळ्यात नागपूरचे एक कुटुंब आमच्या होडीत चढले. गिरिधर काका, त्यांची पत्नी प्रमोदिनी, मुलगा सुमंत आणि सून गार्गी. काका कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, गोल चेहऱ्याचे, थट्टेखोर. गार्गीने आणलेल्या पिशवीत संत्री होती. होडी सुटायच्या आधीच काकांनी धाकूच्या हातात एक संत्रे ठेवले आणि ते सोलताना सुटलेला वास माझ्या अंगाला इतका लागला, की खाऱ्या वाऱ्यातही तो दुपारपर्यंत गेला नाही.

प्रमोदिनीबाई मात्र गप्प होत्या. डोलकाठीला टेकून बसल्या, पदर कानांवर घेतला आणि पाण्याकडे बघत राहिल्या. कांदळवनातून बगळे उडाले, सुमंतने फोटो काढले, गार्गीने त्यांना दोनदा हाक मारली. त्या फक्त मान हलवीत.

धाकूला गप्प माणसे सोसत नाहीत. त्याने सुकाणूवरून विचारले, की काकी आजारी आहेत का. तेव्हा काकांनी जे सांगितले, ते मी वरून ऐकले.

प्रमोदिनीबाई कीर्तनकार होत्या. नऊवारी नेसून, गळ्यात हार घालून, हातात झांज घेऊन त्या उभ्या राहिल्या की कोराडीची कॉलनीच काय, धरमपेठ आणि रामदासपेठेतली मंडळी बस धरून येत. अर्धे आयुष्य त्यांनी देवाचे नाव घेत, उभे राहून काढले. उभे राहूनच, मित्रांनो. कीर्तनकाराने एकदा गादीवर पाऊल ठेवले की आरती होईपर्यंत बसायचे नाही, आणि ऐकणाऱ्यांनी मध्येच उठायचे नाही. देव ऐकायला आलेला असतो, आणि देव बसलेला असताना आपण उठून कसे जायचे, असा त्यातला भाव आहे.

पण गेल्या चैत्रात, मंदिरातल्या नवरात्राच्या कीर्तनात, उत्तररंगाची कथा ऐन रंगात असताना बाईंचा आवाज तुटला. घशातून नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा सूर लावला, तो पुन्हा तुटला. समोरची एक शेजारीण उठली. तिच्यामागे दोघी उठल्या, मग चपलांचा आवाज सुरू झाला. प्रमोदिनीबाईंनी झांज खाली ठेवली आणि आरतीच्या आधीच गादीवरून उतरल्या. डॉक्टरांनी पुढे घसा तपासून सांगितले, की आता दोष काही नाही, आवाज थोडा खालचा राहील, पण गाता येईल. बाईंनी मात्र झांज ट्रंकेत टाकली आणि ट्रंकेवर गाद्या रचल्या. घरी देवापुढेही त्या गुणगुणत नव्हत्या. कुणी कीर्तनाला बोलावायला आले तर दार गार्गीने उघडायचे आणि त्या झोपल्या आहेत असे सांगायचे.

"कथा कसली होती?" धाकूने विचारले.

"नावाड्याची," काका म्हणाले. "तुमच्यासारख्याच एका नावाड्याची. अर्ध्या पाण्यात आला आणि कीर्तन थांबलं. वर्ष होत आलं, तो तिथेच उभा हाय बापा. पायाला मुंग्या आल्या असतील त्याच्या."

सुमंत हसला. प्रमोदिनीबाई हसल्या नाहीत. काकांनी पिशवीत संत्र्यांखाली हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेली झांज बाहेर काढली.

बाईंचा चेहरा उतरला. "काहून आणली हो? मी सांगितलं होतं ना, तिला हात लावू नका म्हणून."

"मी कुठे वाजवून राहिलो? हवा खायला आणली तिलाही."

होडीच्या पोटाखाली पाणी चळचळत होते. मग धाकूने अगदी साधेपणाने विचारले, जसे कुणी आजारी नातेवाइकाची खबर विचारतो तसे, "काकी, पण त्या नावाड्याचं झालं काय शेवटी?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिले. खाडीतल्या माणसाने विचारले होते. त्याला थट्टा करायची नव्हती, त्याला खरेच जाणून घ्यायचे होते. त्यांनी कानांवरचा पदर मागे घेतला. मग म्हणाल्या, "मधूनच नाही सांगता येत. कीर्तन सुरुवातीपासूनच करावं लागतं."

"मग करा की," धाकू म्हणाला. "आम्हाला काय घाई आहे?"

त्या उठल्या. पदर खोचला. होडी हलत होती म्हणून एक हात डोलकाठीला धरला, आणि दुसऱ्या हाताने काकांकडून झांज घेऊन ती काठीवर हलकेच वाजवली. त्या आवाजाने माझ्या अंगात काय झाले ते सांगता येणार नाही. वाऱ्याने मी आयुष्यभर थरथरले आहे, पण नामाने त्या दिवशी पहिल्यांदा थरथरले.

त्यांनी नमन केले, मग पूर्वरंग. माणूस थकतो तेव्हा देव त्याच्याकडे काय मागतो, याचे त्यांनी निरूपण मांडले. आवाज खरेच खाली आला होता. पूर्वी तो कळसापर्यंत जात असेल. आता तो होडीच्या काठापर्यंतच जात होता. पण होडीत तेवढाच पुरेसा होता. धाकूने सुकाणू काखेत धरले आणि टाळी धरली.

मग कथा सुरू झाली. एका नदीपलीकडे देवाचे देऊळ होते आणि जत्रेला हजारो लोक येत. एक गरीब नावाडी त्या सगळ्यांना पलीकडे सोडी. पण जत्रेच्या दिवशी नाव सोडून जायचे कसे? म्हणून तो स्वतः कधी देवळात गेला नाही. लोक प्रसाद आणून देत, तो कपाळाला लावी आणि पुन्हा वल्ही उचली. असे करता करता तो म्हातारा झाला. एका संध्याकाळी सगळे गेल्यावर एक अनोळखी वाटसरू आला आणि म्हणाला, मलाही ने. नावाड्याने नाव सोडली. पण त्या वाटसरूचा भार असा काही होता, की नाव पुढे सरेना.

इकडे आमची होडीही सरत नव्हती. मला वाऱ्यात काही कमी वाटत नव्हते. मी पोट फुगवून ओढत होते आणि तरी होडी जागची हलत नव्हती. खाली पाहिले तर पाणी कधीच उतरू लागले होते. ओहोटी लागली होती. खाडीच्या मधल्या उथळ भागात आमचा तळ चिखलात रुतला होता. हे धाकूला दिसत होते. त्याने एकदा पाण्याकडे पाहिले, एकदा प्रमोदिनीबाईंकडे पाहिले, आणि टाळी धरूनच राहिला. त्याच्या वडिलांनी त्याला लहानपणी शिकवले होते, की कीर्तनात मध्ये बोलायचे नाही.

नावाडी अर्ध्या पाण्यात आला. त्याने वल्ही खाली ठेवली. प्रमोदिनीबाईंना म्हणायचे होते, "देवा, मी थकलो, आता पुढे नेववत नाही." त्या "देवा" म्हणाल्या, आणि तिथेच आवाज तुटला. अगदी त्याच जागी.

मी वर फडफडत होते, माझ्याच आवाजाची मला लाज वाटली. बाईंनी झांज खाली आणली. डोळ्यांत पाणी होते. त्या म्हणाल्या, "बस. चला आता परत. सगळे उठा."

कुणी उठले नाही. धाकूने घसा साफ केला. "काकी, उठून जाणार कुठे? चारी बाजूला चिखल आहे. पाणी गेलं."

सुमंत दचकून उभा राहिला. होडीच्या काठावरून त्याने खाली पाहिले आणि बापरे म्हटले. गार्गीने विचारले, की तुम्ही सांगितले का नाही. धाकू बिचारा खाली मान घालून म्हणाला, "दिसत होतं हो मला. पण कीर्तनात कसं बोलायचं?"

काका आधी हसले. मग गार्गी हसली. आणि मग, मित्रांनो, प्रमोदिनीबाई हसल्या. हसता हसता डोलकाठी दोन्ही हातांनी धरावी लागली. काका म्हणाले, "बघ वं. असे श्रोते तुला आख्ख्या नागपुरात मिळाले नसते. एकही माणूस उठून जाऊ शकत नाही."

ऊन चढले होते. भरती संध्याकाळी येणार होती, तोवर होडी हलणार नव्हती. धाकूने दोर सोडला, मला खाली घेतले आणि आडव्या काठीवरून मांडवासारखे पसरले. पहिल्यांदाच मी वारा सोडून माणसांवर सावली धरली. संत्री सोलली गेली, तिखटमिठाच्या पुऱ्या निघाल्या. पण प्रमोदिनीबाई बसल्या नाहीत. त्यांनी घोटभर पाणी घेतले, तेही उभ्यानेच. त्या अजून गादीवर होत्या.

मग त्यांनी झांज उचलली. पण या वेळी सूर लावला नाही. बोलल्यासारखे, अगदी खालच्या आवाजात त्या म्हणाल्या, "देवा, मी थकलो. आता पुढे नेववत नाही." आणि तो वाटसरू हसून नावाड्याला म्हणाला, "मग ठेव वल्ही. इतकी वर्षं तू लोकांना माझ्याकडे आणून सोडलंस. आज मीच तुझ्या नावेत येऊन बसलो आहे. तुला पलीकडे कशाला जायचं आहे?"

धाकूने उपरण्याने डोळे पुसले. होडीच्या टोकाला देवासाठी ठेवलेल्या उदबत्त्यांचा पुडा त्याने काढला आणि त्याच ओवाळून आरती झाली. चिखलात बसलेल्या होडीत, खेकड्यांच्या आणि बगळ्यांच्या साक्षीने. आरती संपल्यावर बाई खाली बसल्या त्या काकांच्या खांद्याला टेकूनच. त्यांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या.

संध्याकाळी पाणी आले. आधी चिखलात रेघा चमकल्या, मग होडी हलकेच उचलली गेली. धाकू मला पुन्हा वर चढवू लागला, तेव्हा माझी मधली शिवण हातभर उसवली. मी लाजले. पण धाकू म्हणाला, की याचे दिवस भरले आहेत आणि नायलॉनचे नवे शीड येणार आहे. प्रमोदिनीबाईंनी माझ्यावरून हात फिरवला. आणि त्यांनी मला मागून घेतले. गोपिकेने किनाऱ्यावर मला घडी घालून दिली. शेवटच्या घडीवर तिने आपल्या जुन्या टाक्यांवरून बोट फिरवले, आणि तिच्या नवऱ्याने घातलेल्या बेडकाच्या उड्यांवरूनही.

मग आगगाडीत बाकाखाली दोरांत बांधून मी नागपूरला आले.

इथे आल्यावर पहिले काही दिवस मी वाऱ्याची वाट पाहिली. वारा आला, पण त्यात राख होती. मला वाटले, आता माळ्यावर जायचे. पण चैत्र आला आणि बाईंनी मला मंदिरात नेले. दुपारी चारच्या कीर्तनाला ऊन फार, म्हणून मला छत करायचे ठरले. बांबू रोवायला शेजारची कामिनी आली. हीच ती, जी गेल्या वर्षी सगळ्यांत आधी उठली होती. दोघी वर्षभर एकमेकींना टाळत होत्या. माझा एक कोपरा प्रमोदिनीबाईंच्या हातात होता आणि दुसरा कामिनीच्या. दोर बांधता बांधता कामिनी माझ्याकडेच बघत म्हणाली, "काकू, एक सांगू काय? मी त्या दिवशी तुमच्यासाठी पाणी आणाले उठली होती. गिलास घेऊन आली तं तुम्ही उतरून गेल्या होत्या. बाकीच्यांना वाटलं, संपलं."

प्रमोदिनीबाईंच्या हातातला दोर सुटला. माझा कोपरा त्यांच्या डोक्यावर पडला आणि त्या तशाच माझ्याखाली उभ्या राहिल्या. आतून आवाज आला, "मग सांगितलं काहून नाही वं?"

"दार कुठे उघडत होत्या तुम्ही?"

माझ्या आड बाई रडल्या की हसल्या, ते मला ठाऊक आहे, पण मी सांगणार नाही. काही गोष्टी कापडाने झाकून ठेवाव्या.

त्या वर्षीचे कीर्तन खालच्या आवाजात झाले. मागच्या ओळीतल्या लोकांना ऐकू येईना, म्हणून ते पुढे सरकले. त्यांच्या मागचे त्यांच्याही पुढे सरकले. शेवटी सगळी कॉलनी माझ्या सावलीत दाटून बसली. पहिल्या ओळीत कामिनी पाण्याचा गिलास मांडीवर घेऊन बसली होती. कथेतल्या नावाड्याने वल्ही खाली ठेवली तेव्हा तिने तो पुढे केला. बाईंनी उभ्यानेच दोन घोट घेतले आणि नावाडी देवापर्यंत पोहोचला.

आता ते बोलणे, जे मी शेवटी सांगणार होते. गेल्या आठवड्यातल्या वावटळीने माझी दुसरी शिवण गेली. मंदिराच्या मंडळींचे म्हणणे पडले, की हे जुने फडके काढा आणि निळी ताडपत्री घाला. त्यांचे काही चुकले नाही. ताडपत्री हलकी असते, तिला ठिगळ लागत नाही. प्रमोदिनीबाईंनी वाद घातला नाही. त्या घरी गेल्या आणि आपली कीर्तनाची जुनी नऊवारी घेऊन आल्या. गर्द हिरवी, काठ विरलेली. ती नेसून त्या अनेक वर्षे उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी ती कापली. आता रोज दुपारी मला खाली उतरवून, चष्मा लावून त्या माझ्या उसवलेल्या भागावर तिचे तुकडे शिवत असतात. कामिनी दुसऱ्या टोकाने टाके घालत येते. काका मध्ये बसून दोघींच्या टाक्यांना नावे ठेवतात.

मित्रांनो, मी फार दिवस टिकणार नाही. मला आता वारा धरता येत नाही. अंगात राख साचली आहे आणि रात्रीच्या गारव्यात माझे सूत दुखते. पण सावली मला अजून धरता येते. म्हणून तुम्हाला एवढेच मागणे आहे. तुमच्या घरात कुणाचा आवाज खाली आला असेल, तर जरा पुढे सरकून बसा. कुणी बोलता बोलता अर्ध्या पाण्यात थांबले, तर उठून जाऊ नका. पाणी आणायला उठलात, तर सांगून उठा. आणि एखादी जुनी वस्तू फेकायला हात उचललात, तर आधी तिची उसवलेली शिवण बोटाने चाचपून बघा. कदाचित तिला एक टाकाच हवा असेल.

आता प्रमोदिनीबाई सुई घेऊन आल्या आहेत. खाली चटई पसरत आहेत. मला जरा स्थिर राहू द्या.